बातमीचा पाट

आनंदाची बातमी घेऊन कुणी दारात आलं, की आमचे घरमालक आधी त्याचं तोंड बंद करायचे. हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "थांब. आधी आत ये." नातवाला दहावीत फर्स्ट क्लास मिळालेला असो की म्हशीला पारडी झालेली असो, ओठावर आलेली बातमी येणाऱ्याला परत गिळावी लागायची. मग काका ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला पाट काढायचे, खांद्यावरच्या पंच्याने पुसायचे आणि मांडायचे. काकूंना हाक जायची. टीव्ही बंद व्हायचा. काकू पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. माणूस पाटावर टेकला, पाणी प्याला, की काका समोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "हां. आता सांग. पहिल्यापासून."

तो पाट त्यांच्या लग्नातला होता. त्याच्या कडेची पितळी फुलं निम्मी पडलेली होती. जेवायला त्यावर कुणी बसायचं नाही, पूजेलाही तो निघायचा नाही. तो फक्त बातमीचा पाट.

गावात त्यांना निवांतकाका म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. टारगट पोरं मुद्दाम मोटारसायकल न थांबवता रस्त्यावरूनच ओरडत जायची, "काका, आपण मॅच जिंकलो." काका दोन्ही कानांवर हात ठेवायचे. संध्याकाळी त्याच पोरांना पकडून आणून बसवायचे आणि पहिल्या ओव्हरपासून सगळं वदवून घ्यायचे.

रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठाला ते गाव आहे. मी तिथल्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागले आणि काकांच्या घराची बाजूची खोली भाड्याने घेतली. मी तळा तालुक्यातली. आमच्याकडे माणसं कामाची, तोंडाने कमी. माझा तर स्वभावच घाईचा. जेवतानासुद्धा मी चप्पल पायात घालायला टपलेली असायचे. अशा बाईला असा घरमालक मिळावा, हे देवाचं काहीतरी चेष्टेचं काम असणार.

सुरुवातीला मी कंत्राटी होते. कायम झाल्याचा कागद हातात पडला त्या दिवशी मी दारातूनच ओरडले, "काका, काम झालं." त्यांनी हात आडवा धरला. मला राग आला. अहो, एका ओळीची बातमी ती. पण पाट मांडला गेला, तांब्या आला आणि मी बसून सांगितलं की ऑर्डर आली, मी कायम झाले. संपलं.

"असा न्हाय," काका म्हणाले. "सकाली उठलीस, तिथून सांग."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नुसती मान हलवली, म्हणजे सांगून टाक बाई, सुटका नाही. मग मी सकाळपासून सांगायला लागले. आधी वैतागून, मग जरा बरं वाटून. सांगता सांगता मलाच कळलं की दिवसात बरंच काही होऊन गेलं होतं. आमचा एरवी खेकसणारा औषधवाला, त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली होती. आणि आईला फोन केला तेव्हा मागे भांडी घासायचा आवाज एकदम थांबला होता. हे मी तोपर्यंत ध्यानातच घेतलं नव्हतं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका मात्र समाधानाने म्हणाले, "बग. येवडा सगला तू दारातच सांडून जानार व्हतीस."

वाईट बातमीचा कायदा अगदी उलटा होता. ती उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून सांगायची, एका वाक्यात, आणि निघून जायचं. कोण वारलं, कुणाची होडी फुटली, कुणाच्या पोटात गाठ निघाली, सगळं उभ्याने. सांगणाऱ्याने आत पाऊल टाकलं तर काका त्याच्याबरोबर बाहेर अंगणात येऊन उभे राहायचे. नंतर ते त्या घरी जायचे, खांदा द्यायचे, रात्रभर बसायचे, त्यात कसूर नव्हती. पण बातमीला घरात बसू द्यायचं नाही. "वायट बातमीला पाट दिला का ती घरातच ऱ्हाते," ते म्हणायचे. "दुख आपसूक ऱ्हातं. सुखाला ठेवून घ्यावा लागतं."

आता हे वाचताना कुणाला वाटेल, माणूस मोठा ज्ञानी असेल. तसं काही नव्हतं. वर्तमानपत्र ते फक्त पाणी किती वाजता येणार ते बघायला घेत. टीव्हीवर बाबा-बुवा बोलायला लागले की त्यांना झोप येई. आणि हट्टी तर इतके, की दाढ दुखली तरी लवंग चावत बसतील, पण आमच्या केंद्राची पायरी चढणार नाहीत.

त्यांचं आयुष्य मिठागरात गेलं होतं. धरमतरच्या खाडीचा बंधारा फुटून पाणी आत शिरलं आणि मिठागर बुडालं, ते पुन्हा कुणी उभं केलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, उभ्यानेच, विहिरीवर दोर ओढताना. "मिठागर गेला," इतकंच. पण मिठागरातल्या एका चांगल्या संध्याकाळबद्दल ते तासभर बोलायचे. वारा पडलेला असायचा, खाचरातल्या पाण्यावर मिठाची पहिली साय धरायची, पायाखाली ती कुरकुर वाजायची. साय धरली की लगेच फळी ओढायची नाही, घाई केली की मिठाबरोबर खालचा चिखल वर येतो. थांबायचं. नवी माणसं हमखास घाई करायची आणि काळं मीठ काढायची. काका म्हणायचे, मला आयुष्यात येतं ते एवढंच, थांबायला.

आणि ते खरंच सगळीकडे थांबायचे. लग्नाचा मांडव उतरवायला माणसं चढलेली, खुर्च्या एकात एक घातल्या जातायत, आणि हे एका खुर्चीवर बसलेले. मांडववाला म्हणायचा, काका उठा, ही शेवटची खुर्ची. "व्हय, उठतो," म्हणायचे आणि बसायचे. नवरी कधीच गाडीत बसून गेलेली असायची. एकदा मी विचारलं, आता इथे काय बघताय? ते म्हणाले, इथं आता गडबड नाही, आता नीट दिसतंय.

सगळ्यात गंमत जेवणानंतर व्हायची. खाडीतला जिताडा मासा आणला असला, की त्या दिवशी काका हात धुवायचे नाहीत. जेवायचे, उठायचे, उजवा हात तसाच पुढे धरून अंगणातल्या दगडावर जाऊन बसायचे. रस्सा बोटांवर सुकायचा. मांजर येऊन पायाशी घुटमळायचं. काकूंना याचा भयंकर तिटकारा. त्या स्वतः शेवटचा घास गिळायच्या आतच नळाखाली हात धरणाऱ्या. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "हात हाय का वालत घातलेला बोंबील? धुवा पहिला." काका हसायचे. "घायनं हात धुतला का जेवान बी धुतला जातंय." त्यावर काकू म्हणायच्या, बरोबर आहे, भांडी मला घासायची असतात. तुम्हाला काय, बसायचं आणि वास घ्यायचा. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला, की त्यातलं एखादं वाक्य राहिलं तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

हळूहळू मीच बिघडले. केंद्रात बाळंतपण झालं की आम्ही दार किलकिलं करून सांगायचो, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, चादर आणा. बाहेर बसलेल्या माणसांना धड हसायलासुद्धा वेळ नाही. एकदा एक आजीबाई रात्रभर बाकावर बसून होती. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पहिल्यापासून सांगितलं, की सून कशी धीराची निघाली, पोरीने पहिला आवाज कसा काढला, आणि तिची मूठ कशी उघडेचना. आजीबाई ऐकत होती आणि तिचा हात आपोआप मुठीसारखा मिटत गेला. डॉक्टरांनी मला नंतर झापलं, सिस्टर, इथे गप्पा मारायला वेळ आहे का? नव्हताच. पण त्या दिवशी मी घरी गेले ती न थकता गेले, हेही तितकंच खरं. नोकरी तीच होती, पगार तोच, पाय दुखायचे तेही तसेच. पण रात्री आडवं झाल्यावर दिवसाचं काहीतरी हाती लागायला लागलं होतं.

काकांना एकच मुलगा. तो कळंबोलीच्या यार्डातून ट्रेलर चालवायचा, गुजरात, राजस्थान, कधी त्याच्याही पलीकडे. गेला की पंधरा पंधरा दिवस तिकडेच. यार्डातून मोटारसायकलने घरी यायचा, एक रात्र झोपून परत. वयाने माझ्याएवढाच. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, कुणाच्या पोरीला खिडकीत उभी करून ठेवू काय. स्वभावाने आईवर गेलेला, तुरुतुरु बोलायचा. पण बापाचा पाट त्याने मानला होता. काकांना फोनवरची चांगली बातमी चालत नसे. फोन हा उभ्याचा, त्यावर वाईट सांगावं, नाहीतर जेवलास का विचारावं. त्यामुळे हा पोरगा बातम्या साठवायचा. पंधरा दिवसांच्या साठवून आणायचा आणि आला की आंघोळही न करता पाटावर बसायचा. कच्छच्या रणात चांदणं कसं पडलं होतं, कुठल्या ढाब्यावरच्या म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत, कुठे मोर आडवा आला म्हणून आख्खी रांग कशी थांबली. काका ऐकायचे, काकू ऐकायच्या, मी दाराला टेकून ऐकायचे. तो गावात नसायचा त्या दिवसांच्या गोष्टींवरच ते घर जगत होतं. काका मला एकदा म्हणाले, मला दुसरं काही नको, तो रोज संध्याकाळी जेवायला घरात असला म्हणजे पुरे. ते म्हणताना पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज घाईचा वाटला.

श्रावणातला दिवस होता. मी ड्यूटी संपवून खोलीत आले होते. मधल्या भिंतीतून काकांचा फोन ऐकू येत होता, ते फोनवर नेहमी खाडीतल्या लाँचला हाक मारल्यासारखे बोलायचे.

"चांगला हाय ना? मंग फोनवर नको," ते म्हणत होते. "ये. बस. मंग सांग."

फोन ठेवल्याचा आवाज आला आणि लगेच माझा वाजला. त्याचाच. म्हणाला, सिस्टर, बाबा काही ऐकत नाहीत, पण माझ्या पोटात राहत नाही, तुम्हाला सांगतो. बाबांना सांगू नका, मी येऊन बसून सांगणार. आणि त्याने सांगितलं. मी खूश झाले. मी म्हटलं, लवकर ये, पाट पुसून ठेवायला सांगते.

दिवेलागणीला काकू तुळशीपाशी होत्या. काकांनी खरंच पाट पुसून मांडून ठेवला होता. शेजारचा माणूस आला आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबला. आत आला नाही. त्याला काही बोलायची गरजच पडली नाही. त्या गावाला वाईट बातमी कशी द्यायची हे काकांनीच शिकवलेलं होतं आणि तो शिकवल्याप्रमाणे उभा होता. काका ओटीवरून उठले आणि बाहेर अंगणात गेले, त्याच्यासमोर उभे राहिले. तेव्हा त्याने एका वाक्यात सांगितलं. वडखळच्या पुढे पोराची मोटारसायकल घसरली, आणि जागच्या जागी.

त्याची पिशवी नंतर पोलिसांनी आणून दिली. त्यात एक शर्ट होता, चार्जर होता आणि कागदात बांधलेली करटोली होती. काकूंना करटोलीची भाजी फार आवडायची.

पाट त्या रात्री माळ्यावर गेला. कुणी नेऊन ठेवला ते मी पाहिलं नाही.

पुढचे दोन-तीन पावसाळे काका नुसते जगत होते म्हणायचं, एवढंच. जेवले की ताबडतोब नळावर. हात खसखसा घासून धुवायचे, साबण लावून. काकू दारात उभ्या असायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. कुणी बारशाचं, कुणी नोकरीचं सांगायला आलं, तर काका स्वतःच उठून बाहेर जायचे आणि उभ्याने ऐकून घ्यायचे, हां हां, बरं झालं, म्हणायचे. लग्नाला जायचे ते अक्षता टाकून परत. थांबणारा माणूस थांबेनासा झाला. आणि गाव काय, गाव बोलणारच. म्हाताऱ्याच्या हौसेपायी पोरगा गेला. फोनवर ऐकलं असतं तर तो पावसात निघाला नसता. हे कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नाही, पण काकांना ते माणसांनी सांगायची जरुरी नव्हती. ते स्वतःच स्वतःला रोज सांगत होते.

आणि ती बातमी माझ्यापाशी पडून होती.

त्याने मला फोन केला होता हे काकांना ठाऊक होतं. भिंतीतून त्यांना माझाही आवाज ऐकू यायचाच. तेरावं झाल्यावर मी एकदा म्हटलं, काका, तो मला काहीतरी सांगून गेलाय. ते दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "उभ्यानं सांगायची असंल तर सांग." मी उभीच होते. पण मला सांगता येईना. ती चांगली बातमी होती. त्याने तिला चांगली म्हणूनच माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. ती उंबऱ्याबाहेरून फेकली असती तर ती वाईट झाली असती, आणि बसून सांगायला पाट नव्हता. नंतरही मी दोनदा-तीनदा विषय काढला, तेव्हा ते उठून गेले.

काकूंना एकटं गाठून मी सांगायला गेले होते, पाणवठ्यावर. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, ओला. "मना एकलीला नको गो," त्या म्हणाल्या. "दोगांना एकदम सांग. तेनी आयकल्याबिगर मी आयकायची न्हाय." मला वाटलं होतं, या पाटाच्या खुळाला काकू नुसत्या सोसत आल्या आहेत. तसं नव्हतं तर.

मग माझी बदली झाली, पालीला. आनंदाची म्हणावी तर माझ्या गावाच्या बरीच जवळ, आईला बरं पडणार होतं. पण मी ती बातमी घेऊन आले आणि माझे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हटलं, "काका, माझी बदली झाली. सोमवारी जाते."

काका ओटीवर बसले होते. मी जाणार, म्हणजे ती बातमीही जाणार, हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उठले. माळ्याला शिडी लावली. या वयात चढू नका म्हणायला मी पुढे झाले, तर काकूंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. वर भांडी सरकल्याचा आवाज झाला. काका पाट घेऊन खाली आले. त्यावर धुळीचा थर होता. त्यांनी तो पंच्याने पुसला, मग पंचा ओला करून परत पुसला. आणखी एक फूल पडलं होतं, ते त्यांनी उचलून खिशात टाकलं. पाट त्याच जागी मांडला. काकू आत जाऊन तांब्या घेऊन आल्या.

"बस," काका म्हणाले. "पानी पी. मंग सांग. पहिल्यापासून."

मी बसले, पाणी प्याले. आणि सांगितलं, की तो म्हणाला, सिस्टर, आज मालकाला गाठलं. कधीपासून मागे लागलो होतो, आज हो म्हणाला. आता लांबची फेरी बंद. पुढच्या महिन्यापासून मला इथलीच गाडी, पेण-अलिबाग. रोज संध्याकाळी घरी. रोज आईच्या हातचं जेवायला घरी.

काकूंनी भिंतीला डोकं टेकलं. काकांचा चेहरा हलला नाही. हे त्यांना ऐकवायला नको होतं असं मला वाटलं, माझंच चुकलं, सांगायला नको होतं. एवढ्या मोठ्या सुखाची बातमी आणि ती ठेवायला घरात माणूसच नाही.

"असा न्हाय," काका म्हणाले. "फोन वाजला, तिथून सांग. आवाज कसा व्हता?"

मी डोळे मिटले. आवाज हसरा होता, मी म्हटलं. धाप लागल्यासारखा, तो खूश असला की लागायची तशी. मागे गाड्या जात होत्या. मोठ्या, चढावर घेतात तशा गिअरात. आणि मधेच तो माझ्याशी बोलायचा थांबला. कुणाला तरी म्हणाला, मावशी, दोन वाटे दे, बारकी नको, आईला मोठी लागतात. मग परत माझ्याशी बोलायला लागला.

मी डोळे उघडले तर काका माझ्याकडे बघत होते. "वाटे कसले?"

"करटोलीचे असतील," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मलाही कळलं. करटोलीचे वाटे लावून त्या बायका बसतात कर्नाळ्याच्या खिंडीत, रस्त्याच्या कडेला. कळंबोलीच्या यार्डात कोण करटोली विकणार? तो माझ्याशी बोलला तेव्हा खिंडीत होता, यार्ड सोडून घराच्या वाटेवर. आणि काकांचा फोन ठेवून त्याने लगेच मला लावला होता, मधे श्वास घ्यायचाही वेळ गेला नव्हता. म्हणजे काकांशी बोलतानाही तो खिंडीतच होता.

काका सावकाश म्हणाले, "मंजे तो निंगालाच व्हता."

"निघालाच होता, काका. तुम्ही ये म्हणायच्या आधीच."

"मी बोलिवला म्हनून न्हाय."

"नाही. तो घरीच येत होता."

इतकी वर्षं ती बातमी मी एका ओळीत जपून ठेवली होती, पेण-अलिबागची गाडी, रोज घरी. त्या ओळीच्या आजूबाजूला हे सगळं पडलेलं मला दिसलंच नव्हतं. काकांनी पंचा तोंडाला लावला आणि ते रडले. मुलगा गेल्यावर ते माझ्यासमोर पहिल्यांदा रडले, तोंड उघडून, लहान पोरं रडतात तसे. काकू त्यांच्या जवळ सरकल्या नाहीत. त्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "माज्यासाठी मोठी मोठी निवडून घेतलीन." त्या करटोल्यांचं त्यांनी काय केलं होतं हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मग काकांनी मला ते परत सांगायला लावलं. फोन वाजल्यापासून. मावशी, दोन वाटे दे, हे वाक्य तर तीनदा.

काकू मधेच उठल्या आणि चुलीकडे गेल्या. मला म्हणाल्या, जेवून जा. साधंच जेवण होतं, भात आणि सोड्यांचं, सुक्या कोळंबीचं, कालवण. आम्ही तिघं जेवलो. मी सवयीने सगळ्यात आधी उठले, हात धुतला, भांडी गोळा करायला लागले, कारण काकू जागेवर नव्हत्या.

भांडी घेऊन मी बाहेर आले. काका दगडावर बसले होते, उजवा हात पुढे धरून. बोटांवर कालवण सुकत होतं. मी काकूंची वाट बघितली, त्या आता दारात येऊन उभ्या राहतील आणि बोंबलाचं म्हणतील. पण काकू दारात नव्हत्या. त्या काकांच्या शेजारी त्याच दगडावर बसल्या होत्या, आणि त्यांचाही हात उष्टाच होता.